गै

वर्गावर बाई लिहितात, मी महिन्याच्या बेरजा मांडतो.
हजर पोराचा ह निळा, गैरहजराचा गै तांबडा.
तेवीस वर्षं धारूरच्या या मिशनच्या शाळेत
दिवाळी सरली की माझी तांबडी रिफिल आधी संपते.

ट्रक भरतात. भांडी, कोंबड्या, सरपण, वर लेकरं.
डिसेंबरात सातवी अ : अकरा गै.
साहेब तपासणीला आले तर सांगतो, सीझन आहे.
ते मान हलवतात, चहा पितात.

त्या साली कावेरी डोईफोडेच्या रकान्यात
होळीनंतरही गै. ईस्टर झाला, तरी गै.
पट्टा पडून महिना झाला होता, टोळ्या परतल्या होत्या.
तिची आजी फाटकाशी येऊन बसली,
पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली :
उचल फिटली नाही. पोरगी गुऱ्हाळावर ठेवून घेतली.

ठेवून घेतली.
सावकार डोरलं ठेवून घेतो तशी.

पालकसभेत कुणी म्हणालं, शाळेचा काय संबंध.
कुणी म्हणालं, आपण मूठभर माणसं, कशाला भानगड.
मास्तरांनी अकरा हजार जमवले होते, फेडून टाकू म्हणून.
सिस्टर लुर्दीना म्हणाल्या, फेडायची नाही.
फेडली म्हणजे मानली.

तिसऱ्या रांगेत भगवान आबा घोळवे.
व्हरांड्यातल्या थंड पाण्याच्या मशीनवर
त्यांच्या मातोश्रींचं नाव कोरलंय.
पोरगा प्रथमेश नववीत, वक्तृत्वात पहिला.
आबा उठले. "म्या काय पळवून नेली का?
बापाचा अंगठा हाय. वही आणून दावतो."

आणली.
मी पाहिली ती वही.
उभे रकाने, आडवे रकाने, तांबडी शाई,
माझ्या बेरजेइतकीच बिनचूक.
फक्त तिथं नावं नव्हती. अर्धा कोयता, एक कोयता.

माझा आजा सालगडी होता.
मालकाच्या वहीत तो 'गडी एक', बैलांच्या खाली.
त्याचं सबंध नाव पहिल्यांदा बाप्तिस्म्याच्या वहीत लागलं :
योहान लक्ष्मण रणपिसे, वय अंदाजे चाळीस.
त्या दिवसाचं त्याला काही आठवत नसे.
पाणी गार होतं, म्हणायचा,
आन् नाव इचारलं कुणीतरी.

त्या रात्री मी कपाट उघडलं.
तीन वर्षांचे हजेरीपट, तारीखवार.
वकीलबाईंना पुरावा हवा होता :
मूल कधीपासून नाही, किती दिवस नाही.
माझ्याकडे दुसरं होतंच काय?
दोनशे सतरा गै मोजून दिले,
प्रत्येक पानावर शाळेचा शिक्का, खाली माझी सही.
सही करताना लाज वाटली, तीही नोंदवून ठेवतो.
दोनशे सतरा वेळा मला ठाऊक होतं.

अकरा हजार जीपच्या डिझेलात गेले.
कलेक्टर कचेरीत चार खेपा. पाचव्या खेपेला कागद मिळाला,
त्यावर तिचं नाव चुकलेलं. सहावी खेप.

मशीन काढून टाका, काही जण म्हणाले.
सिस्टर म्हणाल्या, उन्हाळा आहे, राहू द्या.
प्रथमेश मात्र तेव्हापासून हापशाचं पाणी पितो.
यावर तो भाषण करत नाही.

जूनमध्ये कावेरी आली.
केस बारीक कापलेले, बोटांवर काकवीचे चट्टे.
बाईंनी नाव पुकारलं, ती बोलली नाही.
दुसऱ्यांदा पुकारलं,
तेव्हा उभी राहिली आणि दाराकडे निघाली,
कामाला बोलावलंय असं वाटून.
शेजारच्या पोरीनं हात धरून बसवलं.
म्हणाली, हजर म्हण. नुसतं हजर म्हणायचं.

यंदा दिवाळीनंतर ट्रक पुन्हा भरले.
मागच्या दोन खोल्यांत वसतिगृह केलंय, चूल धड पेटत नाही,
लेकरं रात्री आईच्या नावानं रडतात.
डिसेंबरात सातवी अ : सहा गै.
सहा, मी सिस्टरना सांगतो.
त्या चष्मा काढतात. सहा कोण?
मी बेरजेचा कागद उलटा ठेवतो,
पट उघडतो, बोट ठेवतो, वाचू लागतो :
ओंकार कैलास तिडके.
निकिता शहादेव